म्हाळसाबाईचा मंगळवार

आमच्या पत्रा ओळीत आगीला आग म्हणत नाहीत, थोरली म्हणतात. बाहेरचं गिऱ्हाईक हसतं. हसू दे. आमच्या वडिलांच्या पिढीनं एका उन्हाळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी ओळ राख होताना पाहिली, आणि तेव्हापासून त्यांनी ते नाव टाकलं. केराबाई शेंगा भाजायला शेगडी पेटवते तेव्हासुद्धा "जरा थोरलीला उठवते" असंच म्हणते. कुणी चुकून दुसरा शब्द काढलाच तर जोतीराम त्याच्याकडे असा बघतो, की पुढचं वाक्य घशातच राहतं.

पत्रा ओळ म्हणजे सोलापूरच्या बाजारामागचा एक बोळ. दोन्हीकडे पत्र्याच्या टपऱ्या, वर बांबू आणि ताडपत्री, मधून एक हातगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. नरसय्याकडे टॉवेल आणि चादरींचे तुकडे, त्याच्या शेजारी केराबाईची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, समोर जोतीरामच्या प्लास्टिकच्या बादल्या, आणि पुढे म्हाळसाबाईची घोंगडी. थोरलीला जे जे आवडतं ते सगळं आम्ही ताटात वाढून ठेवलेलं. मी बोळाच्या तोंडाशी बसून बॅगांच्या चेन बदलतो. नाव युवराज. पन्नाशी उलटली तरी गादी काही मिळाली नाही, पोत्यावरच बसतो.

इतकं सगळं जळाऊ सामान एकत्र ठेवून आम्ही इतकी वर्षं सुखानं झोपलो, ते फेरीमुळे. उन्हाळ्यात आमची ओळ दुपारी मिटते. मे महिन्यात इथं दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तिथं गिऱ्हाईक कुठून येणार? सगळे पडदे बांधून घरी गेले की ज्याचा वार असेल तो मागे राहतो. हातात तांब्याभर पाणी. प्रत्येक टपरीशी थांबायचं, देवापुढच्या उदबत्तीच्या राखेवर पाणी शिंपडायचं, पंख्याची पिन काढली का ते बघायचं, शेगडीला हात लावून बघायचा, आणि विचारायचं, "थोरली निजली का?" टपरीत कुणी नसतंच. मग आपणच म्हणायचं, "निजली," आणि पुढे सरकायचं. संध्याकाळी ओळ बंद होताना पुन्हा तेच. कुणाला वेड वाटेल. पण रिकाम्या टपरीला मोठ्यानं प्रश्न विचारला की माणूस उत्तर शोधायला आत वाकतो, हे आमच्या बापजाद्यांना कळलं होतं.

मंगळवार म्हाळसाबाईचा.

ती मंगळवेढ्याकडची, धनगराची लेक आणि धनगराचीच सून. लहानपण सगळं मेंढरांच्या मागे माळावर गेलं. नवरा तात्याबा वीज पडून गेला तेव्हा मुलगी प्रियदर्शनी शाळेत जायच्या वयाची होती. दिरानं मेंढरं ठेवून घेतली आणि हिला घोंगड्यांचा एक गठ्ठा दिला, झाली वाटणी. तो गठ्ठा डोक्यावर घेऊन ती एसटीनं सोलापूरला आली आणि आमच्या ओळीत जमिनीवर पसरून बसली. आज ती घोंगडी विकते, पूजेला बसायची लोकरीची आसनं विकते, मुलगी शिकून विम्याच्या एका ऑफिसात लागली. मधल्या वर्षांत काय काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "पाऊस आला तसा गेला बी."

तिची फेरी बघण्यासारखी असायची. आम्ही बाकीचे राखेवर पाणी शिंपडून पुढे सटकायचो. ही आधी वाकून वास घ्यायची. मग उलटा तळवा राखेवर धरायची. माळावर वणवा कसा जमिनीखालच्या मुळांतून सरकतो आणि भलतीकडेच डोकं काढतो ते तिनं लहानपणी पाहिलेलं. "वर गार लागतं, भाऊ," ती मला म्हणायची, "ती खाली बसल्याली असती." मंगळवारी ओळ बंद करून घरी जाताना मी कधी मागे वळून पाहिलं नाही. इतर वारी पाहायचो, खोटं कशाला बोला.

हे असंच चाललं असतं, पण गेल्या वर्षी गावाच्या दुसऱ्या अंगाला एक छोटा बाजार जळाला. कपड्यांच्या टपऱ्या होत्या. प्रियदर्शनी ऑफिसातून येताना ते बघून आली. एक बाई काळ्या पडलेल्या पत्र्यावर हात आपटत होती, प्रियदर्शनीला त्या बाईत आपली आईच दिसली. पुढच्याच आठवड्यात तिनं आईच्या टपरीचा विमा उतरवला. आईला विचारलं नाही. ऑफिसातला माणूस आला, त्यानं टपरीचे आतून बाहेरून फोटो काढले, घोंगड्या मोजल्या आणि जाताना पत्र्यावर कंपनीचा एक निळा स्टिकर चिकटवून गेला. हाताच्या पंजाएवढा असेल.

पहिले दोन-चार दिवस थट्टा झाली. थट्टा करायला आमच्या ओळीला कारण लागत नाही.

"काय बाई, आता काडीच ओढायची खोटी!" नरसय्या म्हणाला.

"तुज्या टावेलांपास्नं सुरवात करते," म्हाळसाबाई म्हणाली. सगळे हसले. केराबाई तर पदर तोंडात कोंबून हसली.

पण तो स्टिकर तिथंच राहिला, आणि हसू हळूहळू आटत गेलं. मी बोळाच्या तोंडाशी बसतो, येणारा-जाणारा मला दिसतो. लोक आता म्हाळसाबाईच्या टपरीपुढून जाताना आधी स्टिकरकडे बघायचे, मग तिच्याकडे. ती संध्याकाळी घरासाठी काडीपेटी घेऊन आली तर केराबाईनं विचारलं, "घरात गॅसचा लायटर न्हाय व्हय?" विचारलं साधंच, पण उत्तराची वाट बघत राहिली. म्हाळसाबाईला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं काडीपेटी पिशवीत खाली सरकवली. लपवण्यासारखं काही नसताना माणूस लपवायला लागला की मला भीती वाटते.

मग एका संध्याकाळी चहा पिताना जोतीराम बोलला. जोतीराम आमच्यातला वडीलधारा. वाईट माणूस नाही, पण नियम म्हटला की त्याच्या अंगात येतं.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमच्यावर इस्वास हाय. पर फेरी कुनी करायची? ज्याचं जळतं त्याला कळतं. आपल्या वाडवडलांनी ह्यासाठीच फेरी दुकानदाराकडं ठेवली, पगारी राखणदार न्हाय ठेवला. आता तुमचं काय जळायचं ऱ्हायलं न्हाय."

"माजी घोंगडी काय लोखंडाची हायत?"

"जळली तर कंपनी देती की. आमाला कोण देनार?"

मी म्हणालो, "जोतीरामा, अरे बोलतोस काय? तिच्यासारखी फेरी तुला तरी येते का?" तो म्हणाला, "येन्याचा सवाल न्हाय, युवराज. झळ लागन्याचा हाय." नरसय्या कपातल्या चहाकडे बघत होता. केराबाई उठून शेगडी झाकायला गेली. म्हाळसाबाईनं फेरीचा तांब्या आणून जोतीरामपुढे ठेवला आणि पडदा बांधून निघून गेली.

तिचा मंगळवार कुणाच्या माथी मारायचा, यावर बराच खल झाला. प्रत्येकाला स्वतःचा वार होताच. शेवटी ठरलं, मंगळवार सगळ्यांनी मिळून करायचा. म्हणजे बारभाईंची खेती. पहिल्या मंगळवारी तिघं मागे राहिले. दुसऱ्या मंगळवारी एक जण राहिला, तोही जेवण गार होतंय म्हणून तांब्या रिकामा करून पळाला. पुढे तर मी राहिलो की नरसय्याला वाटायचं युवराज आहे, आणि नरसय्या रेंगाळलेला दिसला की मी निघायचो.

उन्हाळा चढत गेला, तसं बोळातलं वारं बंद झालं. पत्रे दुपारी इतके तापायचे की पडदा बांधताना चटका बसे. बोलणंही तसंच झालं होतं, कुठं हात लावावा कळेना.

दर उन्हाळ्यात म्हाळसाबाई घोंगड्या घरी न्यायची. उन्हाळ्यात घोंगडं कोण घेतो? घरी नेऊन त्यांना ऊन द्यायचं, घडीत कडुनिंबाचा पाला घालायचा, नाहीतर लोकर खाणारी कसर लागते. दरवर्षी आम्हीच गठ्ठे उचलून तिच्या रिक्षात टाकायचो. यंदा तिनं पहिला गठ्ठा बांधला आणि ओळीत कुजबुज सुरू झाली. माल हलवतेय. आधी माल हलवतात, मग काडी लावतात, कंपनीकडून पूर्ण घेतात. कुठल्या तरी गावात असंच झालं होतं म्हणे. कुणाच्या मेहुण्यानं सांगितलं होतं.

हे तिच्या कानावर गेलं. बांधलेला गठ्ठा तिनं सोडला आणि घोंगड्या पुन्हा फळीवर रचल्या. मी म्हणालो, "बाई, कसर लागेल की हो."

"लागू दे. मानसाला लागली, घोंगड्याला लागली तर काय मोठं?"

तिला रडू येत होतं की राग येत होता, मला सांगता येणार नाही. मला मात्र राग आला होता. त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांशी विनाकारण भांडलो.

नंतरच्या एका मंगळवारी दुपारी मी घरी गेलो नाही. बोळासमोर रस्त्याच्या पलीकडे एक रसवंती आहे, तिथं बाकावर आडवा झालो. डोळा लागणार एवढ्यात बघितलं तर बोळाच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर, म्हाळसाबाई बसलेली. डोक्यावरून पदर, सावली जेमतेम पायापुरती. मी रस्ता ओलांडून गेलो.

"बाई, हितं उन्हात का बसलाय?"

"आज माजा वार हाय."

"फेरी करायची तर करा की. आत कोण बघतंय?"

"आत न्हाय जायची, भाऊ. आत गेले आनि काय झालं तर माजंच नाव येईल." तिनं बोळात नजर टाकली. "हितनं वास येतो. तेवडं बसते. घरी गेलं तर डोळ्याला डोळा लागत न्हाय."

मी तिला रस आणून दिला. ती दर मंगळवारी येत होती, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे ज्या बाईला आम्ही फेरीतून काढलं, ती वेशीबाहेर बसून आमची राखण करत होती, आणि आत जायला भीत होती. आम्हालाच भीत होती. मला वाटलं, संध्याकाळी जोतीरामला गाठावं आणि चार शब्द सुनवावेत. सुनवलेही. तो म्हणाला, "बसती तर बसू दे. आत जात न्हाय न्हवं?"

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळपासून आभाळ पांढरंफटक होतं. केराबाईनं लग्नाच्या घरची चटणीची मोठी ऑर्डर घेतली होती, शेगडी दुपारपर्यंत धडधडत होती. ओळ मिटायची वेळ झाली तेव्हा तिला माल पोचवायची घाई. तिनं शेगडीतली राख टपरीमागे, जिथं नेहमी ओतते तिथं ओतली. फेरीला मागे कोण राहिलंय ते बघितलं नाही. नरसय्या तिच्या आधीच गेला होता. जोतीरामला नातवाच्या शाळेत बोलावलं होतं. मीही पडदा बांधून रसवंतीवर गेलो. मंगळवार सगळ्यांचा होता, म्हणून त्या दिवशी तो कुणाचाच नव्हता.

म्हाळसाबाई पायरीवर येऊन बसलेली मला दिसली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ पडून चमकत होतं. रसवंतीवाला चरकावर फडकं टाकून पेंगत होता, आणि मीही पेंगत असेन. डोळे उघडले तेव्हा म्हाळसाबाई उभी होती. मान वर करून, माळावर मेंढरं राखणारी माणसं वारं बघतात तशी. ती दोन पावलं बोळाकडे गेली आणि थांबली. मागे आली. पुन्हा गेली. मला ते अंतर अजून दिसतं. आत काय आहे ते तिला कळलं होतं, आणि आत गेल्यावर तिचं काय होणार तेही.

मग ती आत पळाली.

मी उठलो तोवर बोळाच्या ताडपत्रीखालून धूर बाहेर यायला लागला होता. मी धावलो. केराबाईच्या टपरीमागच्या राखेतून विस्तव रिकाम्या पोत्यांना लागला होता आणि पोत्यांवरून नरसय्याच्या टॉवेलांवर चढला होता. एक अख्खी थप्पी आतल्या आत लाल झाली होती. वरची ताडपत्री वितळून थेंब थेंब खाली पडत होती. म्हाळसाबाईनं स्वतःच्या टपरीचा पडदा फाडून घोंगड्या ओढून काढल्या होत्या. केराबाईच्या रांजणात एकेक बुडवायची आणि त्या थप्पीवर टाकून वरून स्वतः पडायची. पाणी लागलेली लोकर पेट घेत नाही, करपते. केस जळाल्याचा वास बोळात भरला होता.

"बादल्या!" ती ओरडली. "बघतोस काय? बादल्या आन!"

मी जोतीरामच्या टपरीची दोरी तोडली, नव्या कोऱ्या बादल्या घेतल्या, रसवंतीवाल्याच्या पिंपाकडे पळत सुटलो. तोही धावून आला. पाणी किती वेळ ओतलं मला आठवत नाही. म्हाळसाबाई घोंगडी संपेपर्यंत टाकत राहिली. मोठी, चांगली, वर्षभर जपलेली, सगळी. शेवटचं टाकलं तेव्हा खालून फक्त वाफ येत होती. नरसय्याचा निम्मा माल गेला होता, केराबाईच्या टपरीची एक बाजू गेली होती, पण ओळ उभी होती. म्हाळसाबाई वाटेत बसली आणि दोन्ही तळवे वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. कातडं सुटलं होतं.

तेवढ्यात माणसं आली. कुणी कुणाला फोन केला कोण जाणे, जोतीराम आला, नरसय्या आला, केराबाई कपाळावर हात मारत आली. बघणाऱ्यांची गर्दी झाली. धुरातून सगळ्यांना आधी काय दिसलं? जळालेल्या टॉवेलांपुढे बसलेली म्हाळसाबाई. तिची टपरी मोकळी, आत एक घोंगडं नाही, पत्र्यावर निळा स्टिकर जसाच्या तसा.

माझा विश्वास होता की जोतीराम आता खाली वाकेल आणि तिचे हात बघेल.

त्यानं विचारलं, "बाई, तुमी हितं काय करत हुता?"

पाण्याचे थेंब पडत होते तेवढे ऐकू येत होते.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. म्हणालो, मी बघितलंय, माझे डोळे उघडले तेव्हा ती बाहेरच उभी होती, वास आल्यावर आत गेली. जोतीराम शांतपणे म्हणाला, "तू आत आलास तवा ती आदीच आत हुती की. आनि डोळं उघडायच्या आदी तू झोपला हुतास." मी झोपलो होतो. मला दिसलं ते मी सांगू शकत होतो, डोळे मिटलेले असतानाचं काय सांगणार? माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. म्हाळसाबाईनं माझ्याकडे बघितलं तेव्हा तिला ते दिसलं.

तिनं जोतीरामला उत्तर दिलं. आवाज धुरानं बसला होता.

"आज मंगळवार हाय," ती म्हणाली.

केराबाईनं मान फिरवली. पुढे मागे तिनंच, राख आपण ओतली होती हे चार माणसांत कबूल केलं, रडून रडून केलं, आणि जोतीरामनंही म्हाळसाबाईच्या घरी जाऊन हात जोडले. पण ते नंतर. तो प्रश्न विचारून झाला होता.

प्रियदर्शनीनं आईला दवाखान्यात नेलं. विम्याच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. सभ्य होता, "मावशी, मावशी" करत होता. त्यानं सांगितलं की घोंगड्या तिच्या टपरीत जळाल्या असत्या तर भरपाई मिळाली असती. त्या तिनं स्वतः उचलून दुसऱ्याच्या टपरीत नेल्या, तिथल्या मालाचा विमा नाही. वर अर्ज करून बघू, पण आशा ठेवू नका.

"म्हंजी नरसय्याचं जळू द्यायचं आनि माज्यापतुर यायची वाट बघायची," म्हाळसाबाई म्हणाली. "तवा तुमी दिलं असतं."

त्यानं कागद पिशवीत घातले. प्रियदर्शनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्याच कंपनीत ती काम करते. आईच्या हातांना मलम लावताना ती म्हणाली, "आई, मी तुझ्यासाठीच केलं गं." म्हाळसाबाई म्हणाली, "ठावं हाय मला. पर आता त्यो कागद पुना काढू नगंस."

आता यातली गंमत बघा. नरसय्याला कुठूनच काही मिळालं नाही, कारण त्याचा विमाच नव्हता. ते बघून ओळ हादरली. तहान लागल्यावर विहीर खणणारी आमची जात. ज्या स्टिकरकडे आम्ही वाकड्या नजरेनं बघत होतो, तो आता सगळ्यांना हवा झाला. प्रियदर्शनी आली नाही, तिनं ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं. त्यानं ओळभर फोटो काढले. आज बोळात शिरलात तर म्हाळसाबाईची टपरी सोडून दोन्हीकडे निळे स्टिकर दिसतील. माझ्या पेटीवरही आहे. मी काही वेगळा नाही.

फेरी बंद करायची असं कुणी म्हणालं नाही. सोमवारवाला एकदा लग्नाला गेला, त्यानं कुणाला सांगितलं नाही. नरसय्याची तब्येत बिघडली. जोतीराम आपला वार इमानदारीनं करायचा, पण एकदा मी बघितलं, तो माझ्या पेटीपुढून प्रश्न न विचारताच पुढे गेला. जाताना त्याची नजर स्टिकरवर होती. त्याचाच नियम त्याला आडवा आला असणार. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि आता कुणाचंच जळत नव्हतं.

आठवड्यापूर्वी केराबाईच्या टपरीत पंख्याची पिन रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी वायर काळी पडलेली सापडली. नशीब, तेवढ्यावर भागलं. तेव्हा सगळे पुन्हा चहाला जमले. जोतीराम म्हणाला, "एकच मानूस हाय जिचा इमा न्हाय."

आम्ही सगळे मिळून म्हाळसाबाईच्या टपरीशी गेलो. ती परत बसायला लागली आहे. थोडी घोंगडी आणली आहेत, उधारीवर नाही, दिरानं दिली. बोटं नीट मिटत नाहीत, घडी घालताना कोपरानं दाबते.

जोतीराम पुढे झाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो खाली होता. "बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. तुमी फेरी करा. मंगळवारच न्हाय, समदे वार करा म्हनलं तरी चालंल. तुमच्यासारकी राखण कुनाला येत न्हाय."

तिनं हातातलं घोंगडं खाली ठेवलं. चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मला न्हाय जमायचं," ती म्हणाली.

"राग हाय अजून?" नरसय्यानं विचारलं.

"राग न्हाय ओ." ती घोंगड्याची घडी कोपरानं दाबत म्हणाली, "आदी मी घरी गेले की डोळं मिटल्यावर तुमची दुकानं दिसायची. हिची राख इजली का, तुजा पंका बंद हाय का. उटून परत यावं वाटायचं. आता मी पडले की झोप लागती. तुमी कुनीच दिसत न्हाय. मी काय करू, सांगा."

एक गिऱ्हाईक आलं, आसन दाखवा म्हणालं, आणि ती त्याच्याशी बोलायला लागली. आम्ही आपापल्या टपरीकडे निघालो. जाताना कुणी कुणाच्या टपरीत डोकावून बघितलं नाही.